सात वर्षांत बावीस दिवस कमी

मंदाकिनीच्या उजव्या कानाने साथ सोडली त्याला दोन वर्षं झाली. आता डावाही त्याच वाटेला लागला होता. शिवाजीनगरच्या कोर्टात न्यायाधीश मान खाली घालून बोलत, समोरचा वकील तिच्याकडे पाठ करून बोले. पुढची तारीख ती शेजारच्याच्या कागदावरून उतरवून घेई. नोटरीचं तसं नसतं. एकच माणूस समोर बसतो, त्याचे ओठ दिसतात. ओळख पटवायची, सही घ्यायची, शिक्का मारायचा. वकील म्हणून जगायचं तर तिला आता एवढीच जागा उरली होती.

नोटरी व्हायला बाईमाणसाला सात वर्षांची वकिली लागते. अर्जावर बँकेचा मॅनेजर, व्यापारी, परिसरातले प्रतिष्ठित रहिवासी अशांच्या सह्याही लागतात. त्या तिने महिनाभर हिंडून जमवल्या. कसब्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक सही करताना म्हणाले होते, "मी प्रतिष्ठित आहे हे सरकारला कळलंय. आमच्या घरी तेवढं एकदा येऊन सांगा."

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ती श्यामरावांकडे गेली. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणारे हे टायपिस्ट. असे अर्ज त्यांच्या हातून किती गेले याला गणती नव्हती. त्यांनी बार कौन्सिलचा दाखला वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"वकीलबाई, मध्ये सनद बंद होती?"

"खराडीला नोकरी करत होते. पगारी नोकरी धरली की सनद थांबवावी लागते."

"लागते हो. पण थांबवतं कोण?"

"मी थांबवली."

श्यामरावांनी मागचं-पुढचं जोडून दिवस मोजले. पुन्हा मोजले. मग तिला दिसेल असं तोंड वर करून सावकाश म्हणाले, "बावीस दिवस कमी पडतायत."

"काही करता येईल?"

"तारखा कौन्सिलनेच छापून दिल्यात. मी फक्त टाइप करतो."

सह्यांचे कागद त्यांनी नीट लावून तिच्या हातात दिले. त्या सह्यांचं आता काय करायचं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

बावीस दिवस कुठे गेले, ते मात्र तिला लगेच कळलं. नोकरी सोडली तेव्हा मार्गशीर्ष संपत आला होता. सनद पुन्हा सुरू करण्याचा अर्ज लिहून तयार होता. आई म्हणाली, "पौषात कुणी नवं काम काढतं का? महिनाभराने काय बिघडतंय?" मंदाकिनीचा पौषावर विश्वास नव्हता. आईशी वाद घालण्याइतकं त्या महिन्यात काही अडलंही नव्हतं. माघ लागला तेव्हा तिने अर्ज दिला.

घरी आल्यावर ललिताबाई तिच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. लेकीशी बोलायचं तर समोरून, हे त्यांना आता सवयीचं झालं होतं.

"दिलास अर्ज?"

"नाही. थोडे दिवस कमी पडले."

"कशाने?"

मंदाकिनीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. एकाहत्तर वर्षांचं, काळजीने पुढे झुकलेलं तोंड.

"मोजण्यात माझीच चूक झाली."

"मग पुढच्या वेळी भर."

नोटरींच्या अर्जांची पुढची जाहिरात कधी निघेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि तोवर डावा कान किती उरेल हेही.

"या वेळी दिवस न बघता भरायला गेलीस ना," ललिताबाई म्हणाल्या, "आता चांगला दिवस मी काढून देते."

"बरं," मंदाकिनी म्हणाली.