आत्याआजीचा पुरा हात

म्हातारपणाचा इतका अपमान भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मिळून कोणी केला नसेल, जितका माझ्या वडिलांच्या आत्याने केला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे असं ठाम काही लिहायला अजून भीती वाटते. पण हे एक विधान मी बेधडक करते. आत्याआजीचं वय कोणालाच ठाऊक नाही. विचारलं तर म्हणते, "तवा मोजाया कुनाला सवड व्हती?" गाल आत गेलेत, दात केव्हाच गेले, उंचीने ती जेमतेम माझ्या खांद्याला लागते, पण वेल्ह्याच्या डोंगरातल्या तिच्या वाडीवर चढताना ती पुढे असते आणि आम्ही सगळे मागे, धापा टाकत.

खुर्चीशी तिचं जुनं वैर आहे. खुर्ची माणसाला गुडघ्यापासून खात वर जाते, असं तिचं मत. आमच्याकडे उत्रोलीला आली की वडील मानाने प्लॅस्टिकची खुर्ची पुढे करतात; ती खुर्चीवर पिशवी ठेवते आणि स्वतः शेजारी उकिडवी बसते. गाड्यांविषयीही तिचं मत फारसं चांगलं नाही. एकदा नसरापुरात कामथडीला जायला आम्ही दोघी शेअर रिक्षापाशी उभ्या होतो. रिक्षावाला म्हणाला, "बसा की आजी, दोन शिटं आली की निघालोच."

"तुजी शिटं येस्तवर म्या कामथडीत च्या पिऊन बसते," म्हणत ती चालायला लागलीसुद्धा. मी मात्र रिक्षात बसले. शिटं भरून आम्ही पोचलो, तेव्हा ती पाहुण्यांच्या ओट्यावर बशी फुंकत होती. तिथूनच तिने विचारलं, "गावली का रं शिटं?" रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून ते ऐकू आलं नसल्याचं सोंग केलं.

यंदा वर्गात मॅडमनी शिकवलं, की माणसाचं म्हातारपण बरंचसं लहानपणापासूनच घडत जातं. काय खाल्लं, किती हिंडलो, चार माणसांत कसे राहिलो, त्यावर. मला लगेच आत्याआजी आठवली. तिच्या लहानपणाबद्दल विचारलं तर तिने सांगितलं, की दिवसभर म्हशींमागं डोंगर, नाचणीची भाकरी आणि रानातली कुर्डूची भाजी. "म्हणजे सगळं चांगलंच होतं की," मी म्हणाले. ती उसळली. "चांगलं? दोन भावंडं गेली त्यात. म्या बुटकी ऱ्हायले ती कशानं? उपाशीपोटी म्हशींमागं पळायचं, ते काय औशिद न्हवतं, पोरी." मग तुझी तब्येत कशाने टिकली, असं विचारल्यावर तिने शांतपणे उत्तर दिलं, "मिश्रीनं." जाळलेल्या तंबाखूची ती पूड किती वाईट, हे मी जमेल तसं समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुजी म्याडम लावती का मिश्री? मंग तिला काय ठावं?"

पण यंदा तिच्यावर खरंच वेळ आली होती. गेल्या लावणीत ती बांधावरून घसरली आणि गुडघा सुजला. तेव्हापासून कात्रजला राहणारे काका, म्हणजे तिचा मुलगा, तिला कायमचं पुण्याला न्यायच्या मागे लागले. तिच्या वाडीत भातलावणी वारंगुळ्याने होते: आज सगळ्यांनी तुमच्या खाचरात, उद्या सगळ्यांनी आमच्या. ज्या घरातून पुरा हात येत नाही, त्या घराला पुरे हात मिळत नाहीत. लावणीच्या ओळीची म्होरकी असलेली शेजारीण मायेनेच म्हणाली, "आत्याबाई, तुमी अवंदा बांधावर बसून रोपांच्या मुठी द्या." मुठी देणं म्हणजे पोरांचं काम, म्हणजे अर्धा हात, म्हणजे आत्याआजीचं खाचर पडीक. काकांनी निकालच लावला, "वारंगुळ्यात पुरा हात धरला तर ऱ्हा. न्हाईतर चल माझ्यासंगं."

"ठरलं," आत्याआजी म्हणाली आणि लुगडं खोचून शेजारणीच्या खाचरात, चिखलात उतरली.

लावणीला मीही वाडीवर आले होते आणि तिच्या शेजारी ओळीत होते. काका पँट दुमडून बांधावर उभे होते, नजर आईच्या गुडघ्यावर. लावणी मागे मागे सरकत करायची असते. थोड्या वेळाने एकेक बाई कंबर धरून उभी राहू लागली. मी तर सारखीच. आत्याआजी वाकली ती वाकलेलीच. हात सावकाश, पण थांबत नव्हता. "जरा उभी राहा की," मी म्हणाले.

"उभं ऱ्हायलं की पाठ आठवती. तिला कशाला जागं करू?"

दुपारी भाकरी खाताना तिने शेजारणीच्या सासूच्या नकला करून सगळ्यांना हसवलं, आणि हसणं संपायच्या आत परत चिखलात. संध्याकाळी खाचराचा कोपरा गाठला तेव्हा माझी ओळ बरीच मागे होती. ती माझ्या बाजूने शिरली आणि माझा राहिलेला पट्टाही लावत गेली. मग म्होरकी चिखलाचे हात धूत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उद्या आत्याबाईंच्या खाचरात. पुरे हात घिऊन या गं समद्या." बायकांनी एकच कालवा केला. मी कधी कशासाठी इतक्या टाळ्या वाजवल्या नव्हत्या. काकांनी मान डोलावली, हसलेही थोडे.

दुसऱ्या दिवशी तिचं खाचर हिरवं झालं आणि काका एकटेच निघाले. वाडीच्या टोकापर्यंत आम्ही दोघी गेलो. उतार निसरडा होता. काका झुडपं धरत, पाय आडवे टाकत, प्रत्येक दगडाशी थांबत उतरत होते. आत्याआजी पदर तोंडाशी धरून बघत राहिली.

"शाळेपायी लई लवकर धाडला त्याला पुण्याला," ती हळूच म्हणाली. "हितलं रान त्याच्या पायाला लागलंच न्हाई." मग खाली वाकून तिने हाक दिली, "दमानं रं, आप्पा." काका खालच्या रस्त्याला लागेपर्यंत ती तिथून हलली नाही.