बर्फाची ऑर्डर आणि गावचा माळ

मला वाटलं होतं, शिकून पाथर्डीकडं परतले की मी गवतावर काम करीन. आमच्या चारा प्रकल्पात गवत सोडून सगळं होतं. बैठका होत्या, बॅनर होते, हारतुरे होते. अशा ऑफिसात थोडे दिवस काढले की किस्से आठवावे लागत नाहीत. कुणी नुसतं "काय चाललंय?" विचारलं की ते आपोआप तोंडातून बाहेर पडतात. मैत्रिणी पोट धरून हसतात. मला मात्र अजून हसू येत नाही.

*

सुरुवात मुलाखतीपासून. मी शिकले लांब उत्तरेत. हिमालयात झाडं संपतात त्याच्याही वर जी कुरणं आहेत, तिथं दोन उन्हाळे राहिले. तिथं आपल्या लव्हाळ्याच्या कुळातली एक वनस्पती आहे. दिसते गवतासारखी, पण दांडी बोटांत फिरवली की तीन कडा लागतात. जमिनीला घट्ट धरून गालिच्यासारखी वाढते. याक आणि मेंढ्या हंगामभर तिच्यावर चरतात, तरी ती हटत नाही. थंडीत वाळली तरी जनावरं ती आवडीनं खातात.

हे सगळं मी जीव तोडून सांगितलं. प्रकल्पाचे साहेब शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मॅडम, एकरी उतारा किती?"

"सर, ते पीक नाही. कुरण आहे."

"तेच विचारतोय. किती टन?"

मला नोकरी मिळाली. उत्तर दिलं नाही म्हणून मिळाली असावी.

*

ऑफिससमोर हिरवळ होती. उन्हाळ्यात गावाला टँकर कधी यायचा, कधी नाही. हिरवळीचा टँकर मात्र चुकला नाही. कडेला पाटी होती: "हिरवळीवर जनावरे आणू नयेत."

एकदा एक भाकड गाय आत शिरली. आमचे क्लार्क गायकवाडभाऊ काठी घेऊन धावले. मी म्हटलं, "भाऊ, खाऊ द्या की. चाऱ्याचंच ऑफिस आहे ना आपलं?"

गायकवाडभाऊ थांबले, धाप टाकत म्हणाले, "ताई, आपलं ऑफिस चाऱ्याचं हाय. चारायचं न्हाई."

*

मग प्रात्यक्षिक झालं. पाहुण्यांसमोर संकरित नेपियर गवताची कुट्टी घमेल्यात ठेवली. ती शेळ्यांनी चवीनं खायची आणि त्याचा फोटो काढायचा, असं ठरलं होतं. शेळ्या आणल्या गावातल्या हौसामावशीच्या. त्या सकाळी माळावर पोटभर चरून आल्या होत्या. त्यांनी कुट्टी हुंगली, माना फिरवल्या आणि प्रमुख पाहुण्यांच्या गळ्यातला झेंडूचा हार ओढायला लागल्या.

पाहुणे गेल्यावर साहेब माझ्यावर चिडले. "शेळ्या ट्रेन केलेल्या नव्हत्या का?"

"माळावर मारवेल, पवना अशी चांगली गवतं आहेत. ते सोडून त्या हे कशाला खातील?"

"तो माळ पडीक आहे, मॅडम. कागदावर बघा."

ज्या माळावर अख्ख्या गावाची जनावरं जगतात, तो पडीक! त्या दिवशी मी जेवले नाही.

*

एवढं होऊनही मी बोलायची थांबले नाही, आणि तेच नडलं. साहेबांनी माझ्या प्रबंधातले फोटो पाहिले आणि थेट बॅनरच छापून घेतला: "हिमालयाचा चारा आता पाथर्डीत."

मी हादरले. "सर, तिथं उन्हाळ्यातसुद्धा पहाटे दव गोठतं."

"शेडनेट लावू. धुकं पाडायला फॉगर लावू."

"तेवढ्यानं भागणार नाही."

"मग बर्फ मागवू. नगरला बर्फाचा कारखाना आहे की."

मी समजावलं की त्या वनस्पतीचं बी सहजी रुजत नाही. तिथली जमीन एकदा उकरली, तर पुन्हा तसा गालिचा धरायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. साहेब म्हणाले, "निगेटिव्ह बोलू नका. मोठे पाहुणे येणार आहेत."

आणि प्लॉटसाठी जागा निवडली ती ओढ्याकाठच्या गायरानाची, जिथं सगळ्यात शेवटपर्यंत हिरवं राहतं. चारी बाजूंनी तारेचं कुंपण घातलं, लोखंडी गेट बसवलं. प्लॉटची इनचार्ज मी.

*

दुसऱ्याच दिवशी हौसामावशी वाटेत आडवी आली.

"पोरी, ह्या शेळ्या काय माझ्या एकटीच्या हायत व्हय? निम्मं गाव ऊसतोडीला गेलंय. जाताना जो तो दावं माझ्या हातात देऊन गेलाय. ते माघारी आल्यावर काय देऊ, नुसती दावी?"

मावशीनं कुंपणाकडं पाहिलं.

"तिकडं डोंगरावर तुझं ते गवत हाय, ते उपटून लोक काय लावत्यात?"

"काहीच नाही, मावशी. तसंच राखतात."

"मंग शाणी हायेत की ती," असं म्हणून ती शेळ्या हाकत रस्त्याकडेच्या बाभळींकडं गेली. तिथं काही नव्हतं, हे तिलाही माहीत होतं.

*

आणि आता शेवटचा किस्सा. प्लॉटमधलं जुनं गवत तणनाशकानं मारून जमीन नांगरायची ठरली. आदल्या संध्याकाळी फवारणीवाले सलीमभाई ऑफिसात आले. मी साहेबांशी तासभर भांडून नुकतीच खाली बसले होते.

सलीमभाई म्हणाले, "साहेब, आधीच सांगतो. आत जनावर दिसलं तर मी पंप चालू करनार न्हाई. औषधाच्या डब्यावर तसं लिहिल्यालं हाय. आन् मागं एका गावात म्हैस दगावली, तवा लोकांनी मला लिंबाला बांधून ठेवलं हुतं."

"जनावर येईल कुठून?" साहेब हसले. "गेटला कुलूप आहे. किल्ली मॅडमकडं आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडायला मी हौसामावशीच्या दारात होते.

"मावशी, जनावरं सोड."

"कोनती?"

"सगळी. गावात आहेत तेवढी. वाटेत म्हशी भेटल्या तर त्याही घे."

मावशीनं माझ्या हातातल्या किल्लीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"बोकडबी?"

"बोकडबी."