साडूनं कानात सांगितलेली गोष्ट

१९६४ साली मी एकतीस वर्षांचा होतो, आणि माझ्या साडूएवढा डोकं खाणारा माणूस अमरावतीपासून अकोल्यापर्यंत मी तोवर पाहिला नव्हता. पुढंही पाहिला नाही. त्याला जिथंतिथं धोका दिसायचा, आणि दिसला की तो त्याच्या पोटात राहायचा नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांच्या आवाजावरून ओरडून बोलायची सवय जडलेली, त्यामुळे त्याचं साधं ‘जेवले का’ सुद्धा भांडणासारखं ऐकू यायचं. एकदा अमरावतीहून येताना त्यानं बडनेऱ्याला एस.टी. थांबवली. चाकाचा आवाज बरोबर नाही म्हणे. ड्रायव्हरनं उतरून चाकाला लाथा घालून पाहिल्या, काही निघालं नाही. साडू मात्र पुन्हा गाडीत चढेना, आणि शिदोरी त्याच्यापाशी म्हणून मलाही उतरावं लागलं. राजापेठेत मेहुण्याच्या लग्नात तर बुद्धवंदना चालू असताना हा उभा राहिला. “गॅसबत्तीचा दोर कच्चा हाय, नवरदेवाले सरकवा.” सरकवला. बत्ती काही पडली नाही, पण फोटोत नवरी या टोकाला अन् नवरदेव त्या टोकाला, तो फोटो अजून त्यांच्या भिंतीवर आहे.

त्या साली कपाशीवर विमानातून औषध फवारायचं निघालं. अकोल्याबाहेरच्या धावपट्टीवर दोन लहान विमानं आली, आणि पेट्रोलची पिंपं लोटायला आम्हा दोघा साडवांना ठेवलं. आमच्या विमानाचा पायलट एक जवान पंजाबी होता. आमच्या मडक्यातलं पाणी न विचारता घ्यायचा अन् घटाघटा प्यायचा. हे मी मुद्दाम लिहितो, कारण तिथं दुसरं कोणी ते पीत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यानं एक मऊ पिवळं कातडं दाखवलं. पिंपं पावसात उघड्यावर असतात, पेट्रोलात पाणी उतरतं, म्हणून हे कातडं आधी पेट्रोलात भिजवून नरसाळ्यावर ताणायचं आणि त्यातूनच पेट्रोल भरायचं. पेट्रोल खाली जातं, पाणी वर राहतं. पाणी इंजिनात गेलं तर विमान शेतात.

भरायचं काम पाटलाच्या भाच्याकडे होतं. चार दिवस त्यानं कातडं कसंबसं चिमटीत धरलं. मग ते खुंटीला टांगलं आणि घरून धुतलेल्या धोतराचं दुहेरी फडकं आणलं. साडूनं त्याला तोंडावर विचारलं, “काहून रे, पायातला जोडा काय कापसाचा हाय?”

“पायातलं पायात, हातातलं हातात,” भाचा म्हणाला.

कातड्याला आम्हीही हात लावत नव्हतो, पण आमचं कारण वेगळं. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा साडूनं बापाची कातडं सोलायची सुरी मोर्णा नदीत फेकली होती, आणि मेल्या जनावराच्या कातड्याला हात लावणार नाही अशी शपथ घेतली होती. मीही घेतली होती, फक्त ओरडलो नव्हतो.

फवारणीच्या ठेकेदाराचा एक मॅनेजर होता, चांगला शिकलेला. त्यानं सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, “कुठे काही धोक्याचं दिसलं तर मला एकट्याला येऊन सांगा. नाव बाहेर फुटणार नाही.” साडूला हे फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याला सांग म्हटलं होतं. त्यानं माझ्यावर हळू बोलायचा सराव केला.

“साडभाऊ, कोणाले आयकू तं नाही येऊन राह्यलं?”

“विहिरीवरच्या बायायले बी आलं,” मी म्हटलं.

तरी जमवलं त्यानं. तंबूत जाऊन मॅनेजरच्या कानात फडक्याचं असं सांगितलं की दारात उभ्या मला कुजबूजही आली नाही. मॅनेजरनं मान हलवली, खुंटीवरचं कातडं काढलं, बाहेर आला आणि सगळ्यांसमोर ते साडूपुढं धरलं. “उद्यापासून हे तू धर. तुम्हा लोकांना सवय असते.”

नाव त्यानं घेतलं नाही, हे खरं. दिलेला शब्द अक्षरशः पाळला.

पाटलाचा भाचा हसला. साडू म्हणाला, “सायेब, सांगाचं ते म्या सांगतलं. धराचं काम त्याचं हाय.”

“मग उद्या येऊ नकोस.”

कातडं पुन्हा खुंटीला गेलं. घरी येताना साडू कोणी न सांगता हळू आवाजात म्हणाला, “उद्या पुन्हा फडक्यातूनच भरतीन. इमानातला पोट्टा मरीन एखाद्या दिवशी.”

“पायलटले सांगतो मी.”

“थो मॅनेजरले इचारीन. मॅनेजर म्हणीन, समदं बराबर हाय. मंग तुमी बी घरी.” थोडं चालून तो थांबला. “तुमच्या मनात काय हाय ते मले दिसून राह्यलं, साडभाऊ. कातडं धरसान तं माह्या घराची पायरी चढू नका.”

“अन् इमान पडलं तं?”

त्यानं खांद्यावरचा रुमाल झटकला आणि मला मागं टाकून तो पुढं निघून गेला.

पुढं आमच्या बायका, बहिणी-बहिणी, एकमेकींकडे जात-येत राहिल्या. आम्ही दोघं प्रत्येक लग्नात मांडवाच्या दोन टोकांना. त्याच्या मयतीला मी गेलो, अंगणात उभा राहिलो, पायरी चढलो नाही. शब्द त्याचा होता, पाळला मी. आता लोक विचारतात, पस्तावा होतो का. होत नाही. पण माझ्यावर ओरडणारं कोणी राहिलं नाही, हे खटकतं.

त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पट्टीवर गेलो. कातडं खुंटीवरून काढलं, पेट्रोलात भिजवलं, नरसाळ्यावर अंथरलं आणि दोन्ही हातांनी कडा धरून उभा राहिलो. पाटलाचा भाचा पिंपाशी आला आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

“पाहून काय राह्यला,” मी म्हटलं, “वत.”

त्यानं ओतलं. पेट्रोल खाली गेलं आणि कातड्यावर पाणी उरलं, चांगलं ओंजळभर. साडूनं ते पाहायला पाहिजे होतं. मी ते जमिनीवर झटकलं आणि कातडं पुन्हा ताणून धरलं.