उठलं की कडी

पाणी प्यायला उठायचं असलं तरी आमच्या टायपिस्ट बाई आधी कॉम्प्युटरला कडी लावायच्या. खिडकीचं चित्र असलेलं बटण आणि एल. दोन बोटं एकदम पडायची, टक् असा एकच आवाज, आणि पडद्यावरचं सगळं नाहीसं. ‘उठलं की कडी,’ एवढंच म्हणायच्या. कामगारांनी त्यांचं नाव कडीबाई पाडलं होतं.

त्या चंदगडकडच्या. निम्मं आयुष्य टाइपरायटरवर गेलेलं. तिथेही कुणी टेबलाजवळ आलं की कागदावर रुमाल टाकायची सवय. उद्यमनगरातल्या माझ्या फाउंड्रीत मी नवा कॉम्प्युटर घेतला, तेव्हा शिकवायला आलेल्या माणसाने शंभर गोष्टी सांगितल्या. बाईंनी ही एक पहिल्याच दिवशी उचलली. ‘रुमालापरास बेस हाय,’ म्हणाल्या.

मला मात्र त्या कडीचा राग यायचा. भंगाराची हातगाडी ओढून मी ती भट्टी उभी केली होती, आणि माझ्याच ऑफिसात मी पासवर्डसाठी ताटकळायचं? एकदा बाई जेवायला गेलेल्या आणि मला एक ड्रॉइंग तातडीने हवं होतं. आल्यावर त्यांना नको ते बोललो. माझ्यावर संशय आहे का, असंही विचारलं.

‘मालक, घरात आपलीच माणसं असली तरी मोरीला कडी लावतोच की. म्हणून काय संशय असतो व्हय?’

दारातले दोन कामगार हसले. त्याने मी जास्तच भडकलो आणि सांगून टाकलं, उद्यापासून कडी बंद. बाई ‘बरं’ म्हणाल्या आणि तसंच वागल्या.

त्या वर्षी काम आटलं होतं. पुण्याच्या एका कारखान्याला मी पत्र सांगितलं: भट्टी आठवड्यातून एकदाच पेटते, माणसं बसून आहेत, मिळेल त्या भावात काम द्या. असं पत्र मी जन्मात कुणाला लिहिलं नव्हतं. बाईंनी मान वर न करता ते टाइप केलं आणि पत्त्याची फाइल आणायला आतल्या खोलीत गेल्या. तेवढ्यात जयसिंगपूरचा एक पंपवाला काम घेऊन आला. मीच त्याला बाईंच्या टेबलापाशी बसवलं, बाहेर जाऊन चहा सांगितला, आणि परत येऊन नेहमीचं सुरू केलं. दिवाळीपर्यंत हात रिकामा नाही, तुमच्यासाठी म्हणून बघतो, पण भाव जरा चढा पडेल.

पावणं पडद्याकडे बघत होते. ‘भट्टी आठवड्यातनं एकदाच पेटती म्हणं की,’ ते म्हणाले.

त्यांच्या भावात काम घ्यावं लागलं. नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. पावणं गेल्यावर सगळ्यांदेखत मी बाईंवर तोंड सोडलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

‘कडी तुम्हीच काढायला लावलीसा, मालक.’

महिना संपताना म्हणाल्या, भावाने गावात टायपिंगचा क्लास काढलाय, तिकडे जाते. मी थांबा म्हणालो नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला आपल्या खुर्चीत बसवलं. नवा पासवर्ड टाकायची चौकट उघडून दिली आणि स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ‘टाका. मी बघत न्हाय.’ एका बोटाने एकेक इंग्रजी अक्षर शोधत मी टाकलं: चुकलं माझं. यंत्राने तेच पुन्हा टाकायला सांगितलं. पुन्हा टाकलं. किती वेळ लागला असेल मला. बाई वळल्या नाहीत.

पंपवाल्यावरचा राग कधीच गेला. बाईंवरचा अजून आहे. कॉम्प्युटर तीनदा बदलला, पासवर्ड तोच राहिला. उठताना दोन बोटं टाकतो, परत येऊन बसलो की तेच दोन शब्द. दिवसातून दहा वेळा. दमायला होतं. त्यांनी तेव्हा एकदा मागं वळून बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?

आता हे लिहून बसलो, म्हणजे पासवर्ड बदलावा लागणार. दुसरं काय टाकावं, सुचत नाही.