घारींचं भांडण आणि लग्नाचा फोटोग्राफर

पौषात मुहूर्त नसतात. त्यामुळे सोलापुरातले आम्ही लग्नाचे फोटोग्राफर तेवढे दिवस दुकानात बसून माश्या मारतो. यंदा बायको म्हणाली, "माश्या मारण्यापेक्षा उजनीला चला की. मला घारींच्या भांडणाचा एक फोटो हवाय. हवेतल्या."

सुजाता हायस्कूलला विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी दुर्बीण गळ्यात अडकवून पक्षी बघत हिंडते. फोटो तिला वर्गात दाखवायला हवा होता. तिची अट एकच: जे दिसलं तेच फोटोत पाहिजे, नंतर दुकानात बसून उद्योग करायचे नाहीत. आता माझं सांगतो. शेकडो नवरीमुली माझ्या अल्बमवर खूश आहेत, फक्त घरची सोडून. इतक्या वर्षांत माझ्या एकाही फोटोला ही बाई 'चांगला' म्हणालेली नाही. या वेळी तो शब्द तिच्या तोंडून काढायचाच, असं ठरवून मी गाडी बाहेर काढली.

दुपारी निघालो. पुणे हायवेनं मोहोळ मागं टाकलं, टेंभुर्णीला चहा घेतला आणि करमाळ्याच्या रस्त्याला लागलो. हायवे मस्त आहे. आतले रस्ते मात्र या दिवसांत उसाच्या ट्रॅक्टरांचे असतात. एकेकामागं दोन-दोन ट्रॉल्या आणि मागं दिवा असेलच असं नाही, म्हणून उजेड आहे तोवर पोचा. पाण्याकाठच्या गावांत आता शेतातल्या खोल्या राहायला मिळतात, आधी फोन करून ठरवायच्या. रात्रीच्या जेवणात धरणातल्या चिलापी माशाचा फ्राय आणि गरम भाकरी होती. आम्ही घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती, ती दुसऱ्या दिवशी होडीत संपवली.

सकाळी पाण्यावर एवढं धुकं होतं की होडी कुठं संपते आणि धरण कुठून सुरू होतं ते कळेना. माकडटोपी न्या, लाजू नका. होडीवाले नागनाथभाऊ पन्नाशीचे, बोलायला मोकळे. सकाळच्या फेरीचे त्यांनी हजार रुपये सांगितले, ते आम्ही घासाघीस न करता मान्य केले. निघताच त्यांनी पिशवीत हात घातला.

"फरसाण टाकू का, दादा? पाखरं लगेच डोक्यावर येत्यात. समदे फोटूवाले टाकायला लावत्यात."

"अजिबात नको," सुजाता म्हणाली. "फरसाण पक्ष्यांच्या पोटाला वाईट. आणि मला त्यांचं खरं भांडण बघायचंय."

"मग बसा वाट बघत," नागनाथभाऊ हसले आणि फरसाण स्वतःच खाऊ लागले.

धुकं विरलं तसं पाणी उघडं झालं. लांब रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग, काठावर केळीच्या बागा आणि पाण्यात सोडलेले मोटारींचे पाइप. सुजातानं हळूच माझा दंड दाबला. "ज्या घारीच्या पायात मासा आहे तिच्यावर कॅमेरा ठेवा. भांडण तिच्याकडंच येणार."

आलंच! एक घार मासा घेऊन उठली, दुसरी तिच्यावर तुटून पडली, दोघी गरागरा फिरत आमच्याकडं आल्या आणि मी सवयीनं जोरात ओरडलो, "एक मिनिट! इकडं बघा!"

घारींनी बघितलं नाही, त्या निघून गेल्या. माझा एकही फोटो निघाला नव्हता. नागनाथभाऊंना हसून ठसका लागला. "दादा, त्यास्नी स्माइल बी द्याला सांगायचं की!" सुजाता दुर्बिणीआड तोंड लपवून हसत होती. मीही हसलो, पण आतून चांगलाच खट्टू झालो.

मग ठरवलं, तोंड बंद ठेवायचं आणि धंद्यात शिकलेली एकच गोष्ट वापरायची. अंतरपाट पडताना दिसला की उशीर झालेला असतो. भटजींचा सूर चढला की बोट दाबायचं. सूर्य पाठीशी घेतला, शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवलं (तुम्हीही ठेवा, त्याखाली पंख पुसट येतात) आणि मासा घेतलेल्या एका विटकरी घारीमागं कॅमेरा फिरवत राहिलो. खालून एक तपकिरी, तरणी घार वर चढू लागली. ती पंजे वर करून उलटी व्हायच्या आधीच मी बटण दाबलं. पायात पाय अडकले, पंखांचा फडफडाट थेट कानावर आला आणि क्षणात दोघी दोन दिशांना गेल्या.

"मासा तरणीनं नेला," सुजाता ओरडली.

"न्हाय ओ ताई, थोरलीनंच नेला. म्या बघितला की."

होडी काठाला लागेपर्यंत दोघं वाद घालत होती. मी कॅमेऱ्याला छातीशी धरून बसलो होतो. इतका आनंद मला पहिला कॅमेरा घेतला तेव्हा झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून संगणकासमोर बसलो. फोटो स्पष्ट आला होता, पण आभाळ मळकट होतं. म्हणून लग्नाच्या फोटोंना लावतो ते केशरी आभाळ लावलं. खालच्या कोपऱ्यात पंपाची वायर, पाइप आणि दोन-चार करडे ठिपके होते, ते पुसले. थोरलीच्या पंखात एक पीस कमी होतं, तेही भरलं. अट आठवत होती, पण हात थांबेना. शाळा सुटल्यावर सुजाता दुकानात आली, तिला अभिमानानं दाखवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "हा कुठला?"

होडीत माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं मला विचारलं, हा कुठला! माझा चेहरा पडला. मी मूळ फोटो उघडला, उजेड थोडा वाढवला, कडा जराशी कापली आणि माउस सोडून दिला.

ती खुर्ची ओढून बसली. "हां, ही आपली थोरली. पीस गळालेली." मग तिनं कोपरा मोठा करायला लावला, वायरीच्या वर बोट ठेवलं आणि ती किंचाळलीच, "अहो, हा मासा!"

मी पुसलेल्या ठिपक्यांतला एक मासा होता. वर दोघी एकमेकींचे पाय सोडायला तयार नव्हत्या आणि चिलापी खाली पाण्याकडं निघाली होती. होडीतल्या तिघांपैकी कुणालाच ते दिसलं नव्हतं. सुजाता डोळे पुसत हसत होती. "अहो, किती चांगला आलाय हो हा!"

संध्याकाळी मोठा प्रिंट घेऊन घरी गेलो. वर्गासाठी दुसरा काढायचा ठरला, हा घरातच राहणार होता. हॉलमध्ये खिळा एकच, त्यावर आमच्या लग्नाचा फोटो, अर्थात मीच सजवलेला. सुजाता स्टुलावर चढली आणि तिनं तो उतरवला.

"सोलापुरात, मे महिन्यात आपल्यामागं बर्फाचे डोंगर कुठून आले, ते मला अजून कळलेलं नाही," ती म्हणाली.

'चांगला' आजच मिळाला होता. मी गुपचूप स्टूल धरून उभा राहिलो.