आमच्या घरचा आकडा

ही गोष्ट मी ह्यांना सांगितली नाही, मुलीला सांगितली नाही, आणि गंगेत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून अर्घ्य देतानाही कधी ओठांवर आणली नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर सांगितली नसती. आणि रडगाणं ऐकायला मिळेल अशा आशेने बसला असाल, तर उठा. मी रडणाऱ्यांतली नाही.

माझं तोंड मोठं आहे, हे काशीतल्या ब्रह्मा घाटाच्या गल्लीत तुम्हाला कुणीही सांगेल. ग्वाल्हेरहून लग्न होऊन इथे आले, मुलींच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले, तरी गल्लीसाठी मी अजून मास्टरनीच आहे. नळाला पाणी आलं नाही, बोलवा मास्टरनीला. गटार तुंबलं, बोलवा मास्टरनीला. आमचे हे पौरोहित्य करतात. महाराष्ट्रातले यजमान पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे उतरतात — कुणी अस्थी घेऊन, कुणी पिंडदानाला. हे मंत्र सांभाळतात आणि मी माणसं. म्हणजे कुणाला कुठली खोली, कुणाला गरम पाणी, कुणाला नुसतं बसायला सोबत. ह्यात मी कधी कमी पडले नाही — असं आता म्हणावं की नाही, ते तुम्हीच शेवटी ठरवा.

तर दुसरी लाट. आठवते ना? की विसरलात? सगळे विसरले आहेत, मला चांगलं कळतं. चैत्र लागला होता, शनिवार-रविवारी कर्फ्यू, आणि सकाळी पेपर आला की चहाच्या दुकानापाशी आकड्यांवरून भांडण. आज एवढे वाढले. नाही, एवढे नाहीत, घाबरवायला फुगवून सांगतात. उलट, खरे आकडे दाबून ठेवलेत, जरा घाटावर जाऊन बघा. ह्या शेवटच्या गटात मी सगळ्यांत पुढे. आकडे लपवतात, असं मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ओरडायची. मास्कच्या आतून ओरडले तरी माझा आवाज पार पलीकडच्या वळणापर्यंत जातो.

आणि मी चूक नव्हते. हे मला नीट लिहू द्या. होडीवाल्यांच्या घरात चूल पेटत नव्हती, आणि पोलीस त्यांनाच काठीने हाणत होते. पहिल्या लॉकडाऊनमध्येही तेच झालं होतं. बंदी घालायची तर आधी लोकांच्या पोटाचं बघा, असं मी म्हणाले. आजही म्हणेन. माझ्या हातून जे झालं त्याने ते खोटं ठरत नाही. माणूस खोटारडा निघाला की त्याचं सगळंच खोटं, हा न्याय शाळेतल्या पोरींनासुद्धा मी कधी लावू दिला नाही.

गल्लीत बैठक भरली ती बल्ल्यांवरून. दोन्ही तोंडांना बांबू बांधून गल्ली बंद करायची आणि बाहेरचे यात्री आत घ्यायचे नाहीत, असा प्रस्ताव होता. मांडणारे मिसिरजी, कोपऱ्यावरचे औषधांचे दुकानदार. माणूस वाईट नाही. पण त्यांनी माझ्याकडे बघून सगळ्यांसमोर म्हटलं, "सबसे ज्यादा केस महाराष्ट्र में है, मास्टरनीजी, और महाराष्ट्र का रास्ता आपके घर से होकर आता है."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या किती पिढ्या इथल्या घाटांवर जळल्या, आणि आम्ही बाहेरचे? मी बोलले. अहिल्याबाईंच्या घाटापासून सुरुवात केली आणि कुणालाच सोडलं नाही. आमचं सोवळं म्हणजे तुमच्या दो गज दूरीचा पणजोबा, असंही म्हणाले, लोक हसले. आणि मग — मग मी म्हणाले की माझ्या घरात आज महाराष्ट्रातला एकही माणूस नाही, आणि आला तर गल्लीला सांगितल्याशिवाय जिना चढणार नाही. टाळ्या पडल्या. बल्ल्या बांधायचं रहित झालं.

वरच्या खोलीत तेव्हा नवरा-बायको बसली होती. नाशिककडची. आदल्या संध्याकाळी आली होती.

थांबा, अजून निकाल देऊ नका. त्यांना घरात घेतलं, हा माझा गुन्हा नाही. त्यांचा मोठा मुलगा गेला होता, ह्याच आजाराने. अस्थींचं गाठोडं मांडीवर घेऊन ती दोघं रेल्वेने आली होती. आधारकार्डावर महाराष्ट्र बघून दोन ठिकाणी दारं लागली, तेव्हा आमच्याकडे आली. मी दार लावायला हवं होतं? नाही लावलं. पुन्हा तशी वेळ आली तरी नाही लावणार. बापाला धाप लागत होती, प्रवासाचा शीण आहे म्हणाला. तो शीण नव्हता. हे त्याला कळत होतं आणि मलाही.

बैठकीत खोटं बोलले, तेही एक वेळ मी पचवलं असतं. मिसिरजींशी जिंकायचं होतं, जिंकले. पण अजून मी मुख्य गोष्टीपाशी आलेच नाही. बघा, कशी घुटमळते आहे. मास्टरनीला शब्द सापडत नाहीत, हे गल्लीला सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही.

सुनंदा. तिच्याबद्दल सांगायला हवं. पलीकडच्या घरातली, माझ्याच वयाची, माझ्यामागून वर्षाच्या आत ह्याच गल्लीत सून म्हणून आलेली. ती इंदूरची. दोघींना इथली बोली कळायची नाही, तेव्हा एकमेकींच्या ओट्यावर बसून मराठीत सासूच्या कागाळ्या करायचो. पुढे आमच्याकडे श्राद्धाचा स्वयंपाक असला की सोवळ्यात करायला सुनंदाच. यजमानांना घरच्या हातचं लागतं. विकतचं चालत नाही, आणि उडदाचे वडे मला आजन्म जमले नाहीत. तिचा नवरा, नाना, रेल्वेतून निवृत्त झालेला, सज्जन आणि दम्याचा जुना रोगी. श्रीरंग, एकुलता एक मुलगा, पुण्याला नोकरीला. तो रोज फोन करून आईला बजावायचा, बाबांना जपा, घराबाहेर पाऊल टाकू नकोस.

पण नाशिककडच्यांच्या मुलाच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी सुनंदा एकदा बाहेर पडली होती. घाऊक भाजीबाजारात, सट्टीत. नानांना परवर हवी होती, गल्लीत भाजीवाला येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओल्या पातळात माझ्या दारात उभी राहिली. आत यायच्या आधी, उंबऱ्याबाहेरूनच तिने विचारलं, "कुठले गं हे लोक? तबियत ठीक आहे ना सगळ्यांची? ह्यांना दमा आहे, म्हणून विचारते हो."

वरून खोकल्याचा आवाज आला नाही. आला असता तर? कधी कधी वाटतं, देवाने तेवढं तरी करायला हवं होतं. पण त्याच्यावर कशाला ढकलू?

मी म्हणाले, "सागरचे आहेत, मध्य प्रदेशातले. ठणठणीत आहेत."

हे ते. एवढंच. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं ते एवढंसंच निघालं.

का म्हणाले? खरं सांगितलं असतं तर ती परत गेली असती. जायलाच हवं होतं. मग स्वयंपाक कुणी केला असता? आणि संध्याकाळपर्यंत मिसिरजींना कळलं असतं की भर बैठकीत मास्टरनी खोटं बोलली. सुनंदाच्या पोटात काही राहत नाही. त्या माउलीच्या मुलाचं श्राद्ध अडू नये म्हणून बोलले, असं मी बराच काळ स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. श्राद्ध दूध-फळांवरही झालं असतं, असं आमचे हे स्वतःच म्हणाले होते. मला माझ्या जिभेची अब्रू सांभाळायची होती, बस.

सुनंदाने खीर केली, वडे केले, आमसुलाची चटणी केली. पानं उठल्यावर ती मुलाची आई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसली आणि एकाएकी हुंदके द्यायला लागली. सुनंदाचं काम आटोपलं होतं, सोवळं सुटलं होतं. तिने जाऊन त्या बाईला कवेत घेतलं. पदराने तिचं तोंड पुसलं. किती तरी वेळ तशीच धरून बसली. मी जिन्यात होते, हातात पाण्याची घागर. तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. अगं सुनंदा, लांब हो, एवढं बोलायला काय लागतं? मी घागर खाली ठेवली आणि माजघरात निघून गेले. जाताना तिने नानांसाठी डब्यात खीर नेली.

पाहुणे दोन दिवसांनी गेले. मग मला ताप आला, ह्यांना आला. गल्लीत मी सांगितलं, लू लागली. खिरीला चव लागेना, उदबत्तीला वास येईना, आणि मी कैरीचं पन्हं पीत खिडकीतून सांगते आहे की ऊन बाधलं. तपासणी केली नाही. आकडे लपवतात म्हणून ओरडणाऱ्या बाईच्या घरचा आकडा कुठल्याच आकड्यात गेला नाही. आम्ही दोघं बरी झालो.

सुनंदा तापाने पडली, मग नाना. नानांना ऑक्सिजन लागला, धावाधाव झाली, एका खाटेसाठी सगळं शहर पालथं घातलं. ह्यात मीही होते, फोनवर, भांडत, ओरडत. मिळाली तेव्हा उशीर झाला होता. अग्नी भाच्याने दिला. श्रीरंगने पुण्यात बसून फोनवर पाहिलं.

आता इथे कुणीतरी शहाणा विचारील, कशावरून? सट्टीतल्या गर्दीतूनही आला असेल. हो, आला असेल. तो हिशेब मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा केला आहे, आणि दर वेळी मला हवं तेच उत्तर काढता येतं. म्हणूनच तो मी सोडून दिला. आजार कुठून आला ते मला माहीत नाही. खोटं कुठून आलं ते माहीत आहे.

आणि ह्याच्यावर कळस म्हणजे पुढची बैठक. नाना जाऊन आठवडा झाला नव्हता. मिसिरजींनी पुन्हा बाहेरच्यांचा विषय काढला, आणि मी — ऐकताय ना? — मी म्हणाले, बाहेरच्यांचं राहू द्या, आधी ती सट्टी बंद करा, आमचे नाना सट्टीमुळे गेले. सगळ्यांनी माना डोलावल्या. गल्ली एवढीशी, की एका खिडकीतला शब्द समोरच्या ताटात पडतो. सुनंदा वर खिडकीशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, मान्य असल्यासारखं. आणि खिडकी ओढून घेतली.

तेव्हापासून ती हेच धरून बसली आहे. मीच आणला घरात, ती म्हणते. परवर आणायला गेले आणि आणला. पूजेला बसली तरी हेच, कुणी भेटायला आलं तरी हेच. श्रीरंगही हेच मानतो. दिवसकार्याला आला तेव्हा त्याने ओसरीवर सगळ्यांदेखत तिला विचारलं, "आई, एवढं सांगत होतो, तुला एक दिवस धीर धरवला नाही?" त्यानंतर तो काशीला आलेला नाही. पैसे पाठवतो, सणाला फोन करतो, दोन मिनिटं बोलतो. लग्न केलं तेही तिकडेच, आईला बोलावलं पाहुण्यासारखं. आणि मी तिच्याशेजारी बसून तिची समजूत घालते. मनाला लावून घेऊ नकोस म्हणते. इतक्या निर्लज्जपणे कुणी कुणाची समजूत घातली असेल का?

तुम्ही म्हणाल, मग जा, सुनंदाला सांग. नाही. तिला मी ओळखते. ती आधी मला पाणी देईल, मग पाठीवर हात फिरवील, आणि म्हणेल, जाऊ दे गं, तेव्हा सगळ्यांचीच मती फिरली होती. सगळ्यांची नव्हती फिरली. आणि मला तो हात पाठीवर नको आहे. ज्याच्याकडून माफी मिळण्याची शक्यता नाही अशाच माणसाला हे सांगायचं, असं मी ठरवलं आहे. तो पुण्यात आहे. सुनंदाने त्याला लहानपणी माझ्याच ओट्यावर बसवून मराठी वाचायला शिकवलं, म्हणून हे मराठीत लिहिलं. अनोळखी माणसाला सांगते आहे असं धरून लिहीत आले, पण पहिल्यांदा त्यालाच पाठवते आहे. मग गल्लीने वाचलं काय, मिसिरजींना कुणी हिंदीत करून सांगितलं काय, होऊन जाऊ दे.

तर श्रीरंग. आईला फोन कर, असं मी म्हणणार नाही. काय करायचं ते तुझं तू बघ, ते सांगायचा अधिकार मी गमावला आहे. मला शिव्या द्यायच्या तर दे, मी ऐकेन आणि उत्तर देणार नाही. तुला फक्त एक माहिती नाही, तेवढी देते. त्या दिवशी आत येण्याआधी तुझी आई माझ्या उंबऱ्याबाहेर थांबली होती. बाबांच्या दम्याचं सांगून तिने विचारलं होतं. मी खोटं सांगितलं, म्हणून ती आत आली.