नेटवर्कवरचा दुसरा ‘अहो’

आधीच सांगतो, मी नेटवर्किंगवाला माणूस. कुणी भूत दिसलं म्हणालं तरी मी आधी केबल नीट बसलीय का ते बघणार. त्यामुळे हे वाचून हसलात तरी चालेल... मीही हसलो असतो.

घरोघरी ब्रॉडबँड यायच्या आधीची गोष्ट. नारायण पेठेत, आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर मोरेकाकांचा सायबर कॅफे होता. काकू नवऱ्याचं नाव घेत नसत, नुसतं ‘अहो’. म्हणून काकांनी मेन कॉम्प्युटरचं नेटवर्कवरचं नावच ‘अहो’ ठेवलं होतं. म्हणायचे, “हिने हाक मारली की दोघांपैकी एक तरी ओ देईल!”

काका अचानक हार्ट अटॅकने गेले. पाठोपाठ तो कॉम्प्युटरही जळाला. मीच तो भंगारात दिला. काकूंचे दीर म्हणाले, “वहिनी, तुम्हाला हे जमायचं नाही. गाळा झेरॉक्सवाल्याला देऊन टाकू.” काकू म्हणाल्या, “सोमवारी कॅफे उघडला नाही, तर खुशाल द्या.”

रविवारी दुपारी मी नवा कॉम्प्युटर लावला, नाव तेच दिलं. पण बाकीच्या मशीनना इंटरनेट पुरवणारी सर्व्हिस काही केल्या सुरू होईना! एरर एकच — या नावाचा कॉम्प्युटर नेटवर्कवर आधीच आहे.

अरे, पण कुठे आहे? एकेक मशीन तपासलं. मग सगळ्या केबल जिथे एकत्र येतात त्या हबमधून बाकीच्यांच्या केबल उपटल्या, नवा कॉम्प्युटर तेवढा ठेवला... तरी तेच. आणि हबवर दिवे मात्र दोन! दुसरा दिवा होता काकांच्या जुन्या कॉम्प्युटरची केबल असायची त्या पोर्टचा. तो पोर्ट तर रिकामा. माझं डोकंच चालेना.

“काकू, नाव बदलून बघू का?”

“नवऱ्याचं नाव बदलतात का रे नित्या?”

बोलल्या कोरडेपणाने, पण डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. पुन्हा रीस्टार्ट केलं. पुन्हा तीच एरर. काकू बराच वेळ हबच्या दिव्यांकडे बघत उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, “अहो, सोडा आता. मी बघते सगळं.”

मी घाईघाईने कीबोर्ड सोडून खुर्चीतून उठलो. रिकाम्या पोर्टचा दिवा विझला... आणि सर्व्हिस सुरू झाली. मी कशालाही हात लावला नव्हता.

सोमवारी कॅफे उघडला. काकूंनी तो पुढे कित्येक वर्षं चालवला. हबही तोच होता, कधी कुरकुरला नाही.

हबमध्येच काहीतरी गडबड असेल, सर्व्हिस उशिरा उठली असेल... असं मी स्वतःला सांगत असतो. पण एका गोष्टीचं उत्तर आजही सापडलेलं नाही. दुकानात तेव्हा आम्ही दोघंच होतो. आणि काकू मला जन्मात कधी ‘अहो’ म्हणालेल्या नाहीत.